‘जीभ जड झाली’ एवढ्यावर निदान थांबू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर मेंदूच्या झटक्याविषयी आलेला लेख वाचला. मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, रक्तवाहिनी गुठळीने तुंबली आहे असे सीटी स्कॅननंतर ठरले आणि लक्षणे सुरू होऊन साडेचार तास उलटलेले नसले, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, ही माहिती त्यात नेमकेपणाने दिली आहे. खेड्यापाड्यातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर ती लिहून ठेवावी अशी आहे. लेखाच्या शेवटाकडे मात्र ‘काही रुग्णांच्या बोलण्यावरही परिणाम होतो’ असे एकच वाक्य येते आणि लेख पुढच्या मुद्द्याकडे वळतो. माझ्या घरची पावणेतीन वर्षे त्या एका वाक्यात गेली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, याची जाणीव आहे. काटछाट करावी लागली तर माझ्या तक्रारी कापाव्यात, निदानाचा भाग ठेवावा, एवढीच विनंती.

माझा धाकटा भाऊ आर्णी तालुक्यात कोरडवाहू शेती करतो. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, भर दुपारी तो धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. उजवा हात लुळा पडला होता, तोंड किंचित वाकडे झाले होते. आमच्याकडे याला लकवा म्हणतात, आणि लकव्याचे औषध देणारा माणूस दर चार गावांआड एक असतोच. पहिली संध्याकाळ तिथे गेली. सीटी स्कॅन झाला तो दुसऱ्या दिवशी, तेव्हा साडेचार तासांची गोष्ट बोलण्यात अर्थ उरला नव्हता. हाताची आणि पायाची गाडी मात्र हळूहळू रुळावर आली. संक्रांतीपर्यंत तो काठी टेकत गोठ्यापर्यंत जाऊ लागला. वाचा तेवढी परतली नाही.

ती कशी परतली नाही, हे जवळून पाहिल्याशिवाय या आजाराचे स्वरूप कळत नाही. त्याला तहान लागली की तो लोट्याकडे पाही आणि बोलायला तोंड उघडी. ओठ मिटत, सुटत, जीभ पुढे येई, मागे जाई, जणू अंधारात कोणी कडी चाचपडत आहे. मग ‘ता...’, ‘बा...’, ‘पना...’ असे काहीतरी बाहेर पडे. ते चुकले आहे हे त्याला तत्काळ समजे, तो मान हलवी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात एखादे वेळी ‘पाणी’ स्वच्छ येई, पण दहा मिनिटांनी तोच शब्द पुन्हा हरवलेला असे. आणि एके सकाळी बैल दावे तोडून तुरीत शिरला, तेव्हा आमच्या पंचक्रोशीतली एक भरभक्कम शिवी त्याच्या तोंडून अशी काही अखंड बाहेर पडली की भावजयीच्या हातातले टोपले खाली पडले. त्यानंतर शेजारच्यांचे मत झाले, ‘हा सोंग करून राह्यला बापा, शिवी देता येते अन् पाणी मांगता नाई येत?’ दुसऱ्या पक्षाचे मत होते की लकवा डोक्यावर गेला आहे आणि याला आता काही समजत नाही. गावात हे दोन पक्ष अजूनही आहेत आणि दोन्ही पक्ष चूक आहेत.

रुग्णालयातून सुटताना दिलेल्या कागदावर बोलण्याबद्दल एकच ओळ होती. तिचा अर्थ ‘उच्चार जड’ एवढाच होता. त्यावरून आम्हाला जिभेचे व्यायाम सांगण्यात आले: जीभ बाहेर काढणे, आत घेणे, गाल फुगवणे, फुगे फुगवणे. सात महिने आमच्या घरी फुगे फुगत होते. सोबतीला वेखंड उगाळून मधातून चाटवणे चालू होतेच, आणि कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवणारेही दोघे-तिघे भेटले. मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे, तरी या सात महिन्यांत ‘जीभ जड झाली म्हणजे नेमके काय झाले?’ हा साधा प्रश्न मी एकाही डॉक्टरला विचारला नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो वर्ध्याकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणि तो विचारणारी वाचा-उपचारतज्ज्ञ माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिच्यापुढे टेबलावर एक टॉर्च, एक पेला पाणी, एक मोबाईल आणि एक कोरा कागद, एवढेच सामान होते. जवळजवळ तासभर तिने जे केले ते मी शब्दशः लक्षात ठेवले आहे, कारण यापैकी काहीही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकले असते.

आधी तिने त्याला बोलायला न लावता, ऐकलेले त्याला समजते का ते तपासले. ‘खिडकीकडे बोट दाखवा, मग दाराकडे, आणि मग डोळे मिटा’, असे एका दमात सांगितले. भावाने तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने केल्या. ‘पोळा दिवाळीनंतर येतो का?’ या प्रश्नाला त्याने ठामपणे नकाराची मान हलवली. म्हणजे भाषा आत पोचत होती. मग तिने डाव्या हातात पेन देऊन पेल्याकडे बोट केले आणि याचे नाव लिहा म्हणाली. त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत, पण एकही चूक न करता, ‘पाणी’ असे लिहिले. सात महिने जो शब्द ओठांवर सापडत नव्हता तो डाव्या हाताने चार सेकंदांत कागदावर उतरलेला पाहून माझ्या भावजयीने पदर डोळ्यांना लावला. मलाही त्या क्षणी घरातल्या जुन्या पाट्या आठवल्या. माझ्याच कपाटात त्या पडून होत्या आणि एकदाही त्याच्या हातात द्यायचे मला सुचले नव्हते.

त्यानंतर तिने तोंडाचे स्नायू पाहिले. जिभेने गालाला आतून दाबायला लावले आणि बाहेरून बोटाने जोर दिला. पाणी पिताना ठसका लागतो का, लाळ गळते का, आवाज नाकातून येतो का, हे पाहिले. यातले काही नव्हते. मग एक विचित्र गोष्ट झाली. ‘फुंकर मारा’ म्हटल्यावर त्याला फुंकर मारता आली नाही. तोंड नुसते उघडत-मिटत राहिले. थोड्या वेळाने चहा आला, तो गरम होता, आणि त्याने सहज फुंकर मारून घोट घेतला. तोंडाची तीच हालचाल सांगितल्यावर होत नाही आणि नकळत होते, याची तिने कागदावर नोंद केली.

मग बोलणे आले. एक ते दहा आकडे त्याने थोडे अडखळत पण नीट म्हटले, आणि दहापासून उलटे म्हणायला सांगताच तो आठवर अडकला. ‘प-प-प-प’ जमले, ‘त-त-त-त’ जमले, ‘क-क-क-क’ही जमले, पण ‘प-त-क, प-त-क’ असे सलग म्हणताना गाडी पहिल्याच फेरीत घसरली. पुढे तिने शब्द लांबवत नेले: ‘पाणी’, ‘पाणवठा’, ‘पाणीपुरवठा’. पहिला दोन प्रयत्नांत आला. दुसऱ्यात ‘पा’ आणि ‘ण’ यांच्यामध्ये वितभर अंतर पडले. तिसऱ्यात प्रत्येक अक्षर वेगळे, ताणलेले, सारख्याच जोराचे, आणि मधली अक्षरे मोडून भलतीच झालेली, जी मराठीच्या कोणत्याच अक्षरात नीट लिहिता येणार नाहीत. हे सगळे तिने मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले, आणि शेवटी कागदावर लिहिले: अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच, मध्यम तीव्रतेचा, सोबत सौम्य अफेजिया.

या नावामागची गोष्ट तिने जशी समजावली तशी इथे मांडते. बोलण्याची वाट मेंदूत तीन टप्प्यांतून जाते असे ढोबळपणे धरावे. पहिल्या टप्प्यावर काय म्हणायचे ते शब्द आणि वाक्यरचना ठरते. तो टप्पा बिघडला की अफेजिया, ज्याला मराठीत वाचाघात म्हणतात. अशा रुग्णाला शब्दच सापडत नाही, किंवा दुसऱ्याचे बोलणे आणि लिहिलेलेही नीट कळत नाही. शेवटच्या टप्प्यावर ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र यांचे स्नायू प्रत्यक्ष काम करतात. ते दुबळे, ताठर किंवा बेताल झाले की डिसार्थ्रिया, म्हणजे आपण खऱ्या अर्थाने ज्याला जीभ जड होणे म्हणतो ते. त्यात उच्चार सरसकट बोजड असतो आणि मोजणी असो, प्रार्थना असो की शिवी, बिघाड सगळीकडे साधारण सारखाच दिसतो. या दोहोंच्या मध्ये एक टप्पा आहे, ज्यात ठरलेला शब्द कोणत्या क्रमाने, किती वेगाने आणि कुठल्या जागी जीभ लावून उच्चारायचा याचा आराखडा तयार होतो. शब्द माहीत आहे, स्नायू धडधाकट आहेत, पण आराखडा मोडला आहे, ही अवस्था म्हणजे वाचेचा अ‍ॅप्रॅक्सिया. जे बोलणे वर्षानुवर्षांच्या सवयीने एकसंध घोटले गेले आहे, म्हणजे आकडे, वार, नमस्कार, प्रार्थना आणि होय, शिव्यासुद्धा, ते अनेकदा या मोडलेल्या आराखड्यातूनही निसटून बाहेर येते. विचार करून, नव्याने जुळवून म्हणायचे शब्द मात्र अडतात. सोंगाचा संशय येतो तो इथेच.

मी स्वतः पहिलीच्या वर्गाला क-च-ट-त-प घोकून घेत आले. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशा क्रमाने मांडलेली आपली वर्णमाला म्हणजे जिभेच्या जागांचा नकाशाच आहे, हे मला या वयात त्या मुलीकडून कळले. माझ्या भावाच्या चुका या नकाशावर पाहिल्या तर जवळच्याच घरात पडलेल्या दिसतात: ‘प’च्या जागी ‘ब’, ‘त’च्या जागी ‘ट’सारखे काहीतरी. जोडाक्षरे आणि महाप्राण, म्हणजे ख, घ, फ, भ यांसारखी जोराच्या श्वासाची अक्षरे, त्याला सर्वांत जड जातात. ‘पऱ्हाटी’ (कपाशी) हा शब्द, जो तो आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा म्हणत आला, त्याला अजून पुरता येत नाही.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने ज्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, त्याला बरेचसे समजत असे, पण त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढाच ध्वनी निघे आणि राग आला की एक शिवी. मेंदूच्या डाव्या भागात कपाळामागे त्याला इजा झालेली आढळली. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे फ्रेडरिक डार्ली यांनी अफेजिया आणि डिसार्थ्रिया यांपासून हा दोष वेगळा काढून त्याला आजचे नाव रूढ केले. मेंदूतील नेमकी जागा कोणती यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. आपल्यासारख्यांना त्या वादाशी कर्तव्य नाही. हे तीन दोष एकाच रुग्णात बहुधा मिसळून येतात, माझ्या भावातही दोन मिसळलेले आहेत, आणि म्हणूनच ‘उच्चार जड’ या एका ओळीने भागत नाही, हे मात्र आपल्या कामाचे आहे. कोणता दोष किती, हे ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही.

विदर्भापुरती एक गोष्ट इथे जोडणे भाग आहे, आणि ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्यांच्या तोंडाचे आतले अस्तर ताठ होऊन तोंड पुरेसे उघडत नाही, आणि त्यामुळेही उच्चार बिघडतो. अशा माणसाला झटका आला तर कोणता दोष खर्ऱ्याचा आणि कोणता मेंदूचा, हे कोणीतरी टॉर्च लावून पाहिलेच पाहिजे. माझ्या भावाचे तोंड दोन बोटे उघडते. झटक्याच्या आधीही तेवढेच उघडत होते, ही माहिती आम्ही दिली नसती तर निदान पुन्हा चुकले असते. आणखी एक गोष्ट. झटका वगैरे काही न येता, केवळ बोलणे महिनोन्महिने असे तुटत, मंदावत चालले असेल तर तो मेंदूच्या हळूहळू वाढणाऱ्या आजाराचा भाग असू शकतो. तिथे घरगुती सराव करत बसू नये, मेंदूविकारतज्ज्ञाकडेच जावे.

आता उपचाराकडे येते. या दोषावर गोळी किंवा इंजेक्शन नाही. वेखंडही नाही आणि फुगेही नाहीत. फुगे फुगवल्याने फुगे फुगवण्याचा सराव होतो, ‘पाणी’ म्हणण्याचा होत नाही, असे ती मुलगी हसत म्हणाली. तेव्हा सात महिन्यांच्या फुग्यांचा मला राग आला आणि मग हसूही आले. बोलण्याचा आराखडा बोलूनच पुन्हा घोटावा लागतो. १९७३ साली जॉन रोझेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांसाठी आठ पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आमच्याकडे तीच वापरली जाते. रुग्णाने समोरासमोर बसायचे. पहिल्या पायरीवर ‘माझ्या तोंडाकडे पाहा, ऐका आणि माझ्यासोबत म्हणा’, असे म्हणून दोघांनी एकदम तो शब्द म्हणायचा. दुसरीवर समोरच्याने आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचे आणि रुग्णाने म्हणायचे. तिसरीवर आधी ऐकून मग एकट्याने म्हणायचे, चौथीवर तेच लागोपाठ अनेकदा. पुढच्या दोन पायऱ्यांवर लिहिलेला शब्द वाचून म्हणायचा, आणि मग तो कागद झाकून म्हणायचा. सातवीवर प्रश्नाच्या उत्तरात तो शब्द आला पाहिजे, आणि आठवीवर नाटक करायचे: मी दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. एका पायरीवर जम बसला की वरची, पाय घसरला की खालची.

शब्द कोणते घ्यायचे, हे तिने आमच्यावर सोपवले होते. आम्ही पहिल्या वहीत पंधरा लिहिले: पाणी, चहा, बस, नको, गोठा, बायकोचे नाव, मुलाचे नाव, ‘दुखते’, ‘थांब’, गट नंबर वगैरे. जोडीला ‘पोट–बोट’, ‘ताट–पाट’ अशा एका अक्षराने बदलणाऱ्या जोड्या. माझा भाचा रोज सकाळी अर्धा तास आणि दिवेलागणीला अर्धा तास त्याच्यासमोर बसतो. एका बैठकीत शंभराच्या वर उच्चार झाले पाहिजेत, असे आम्हाला सांगितले आहे. भाच्याने ज्वारीचे शंभर दाणे मोजून वाटीत ठेवले आहेत. एक उच्चार झाला की एक दाणा दुसऱ्या वाटीत जातो. सुरुवातीला एकच शब्द घोटायचा, पण तो जमू लागला की शब्द मिसळून विचारायचे, आणि प्रत्येक वेळी ‘बरोबर’, ‘चूक’ न म्हणता त्याला स्वतःला ओळखू द्यायचे, या दोन सूचना मास्तरकी केलेल्या बाईला पाळायला फार कठीण गेल्या.

तालाचाही उपयोग होतो. अक्षरागणिक डाव्या हाताने टिचकी मारत, शब्द किंचित सुरात ओढून म्हणायचा, ही पद्धतही १९७३ सालीच बॉस्टनमध्ये पुढे आली. आमच्या घरी टिचकीच्या जागी खंजेरी आली, कारण भाऊ गावच्या भजनी मंडळात वीस वर्षे खंजेरी वाजवत होता. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत त्याचा आवाज इतरांबरोबर सलग लागतो, हे आम्हाला आधीच दिसले होते. पण समूहात म्हणता येणे म्हणजे बोलता येणे नव्हे, आणि प्रार्थना आली म्हणून वाचा परतली असे समजून सराव सोडू नये. ही चूकही आम्ही महिनाभर करून चुकलो आहोत. ज्यांचे बोलणे फारसे परतत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता, पाटी किंवा मोबाईलवरची चित्रे हा कमीपणा नाही. तक्ता दिल्याने माणूस बोलायचे सोडून देतो, ही भीती निराधार आहे. आमच्या घरी उलट झाले: पाटीवर लिहिता येऊ लागल्यावर त्याची चिडचिड कमी झाली आणि सरावाला तो अधिक शांतपणे बसू लागला.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणूनच आमचे फुग्यांचे सात महिने मला टोचतात. तरी त्यानंतरही सरावाने फरक पडतो. पावणेतीन वर्षांनी त्याला आज साठ-सत्तर शब्द आणि दहा-बारा वाक्ये भरवशाने येतात. ‘पाणीपुरवठा’ अजून तिसऱ्या अक्षरावर मोडतो.

आता माझे खरे गाऱ्हाणे. पक्षाघात हे शहरी दुखणे आहे, असे कोणी समजत असेल तर गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत केलेला अभ्यास पाहावा. तिथे मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता, दर शंभर मृत्यूंत सुमारे चौदा. जे वाचले त्यांच्या वाचेची मोजदाद कोण करतो? आमच्या गावाहून वाचा-उपचारासाठी पहाटेची एसटी धरावी लागते आणि यवतमाळला गाडी बदलावी लागते. मला बाई म्हणून अर्धे तिकीट लागते, भावाला पूर्ण. सोबत जाणाऱ्या भाच्याची मजुरी बुडते ती वेगळीच. आठवड्यातून तीन बैठका हव्या असताना आम्ही महिन्यातून एकदा जातो.

जिल्हा पातळीवर वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद असते, पण ते बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असते आणि तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलांच्या वाट्याचे काढून घ्या, असे मी शिक्षिका असून कसे म्हणेन? पण प्रौढांसाठी वेगळे पद निघेपर्यंत उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अशी व्यक्ती बसली, आणि मधल्या बैठका आशाताईंच्या मोबाईलवरून दृक्‌श्राव्य पद्धतीने झाल्या, तर आमच्यासारख्यांचा महिना आठवड्यावर येईल. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाचा तपासणी अर्ज भरतातच. झटका येऊन गेलेल्या घरी ‘सांगितलेले समजते का, लिहून किंवा खुणेने सांगता येते का, गिळताना ठसका लागतो का’ एवढे तीन प्रश्न त्यात वाढवायला खर्च नाही. आणि रुग्णालयातून सुटताना दिलेल्या कागदावर भाषा, उच्चाराचे स्नायू आणि उच्चाराचा आराखडा या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या जाव्यात, मग पुढचा माणूस फुगे देणार नाही. चाचण्याही मराठीत आणि वऱ्हाडीत मुळातून बांधल्या पाहिजेत. इंग्रजी चाचणीतल्या शब्दांचे नुसते भाषांतर करून ‘पाणी’, ‘पाणवठा’, ‘पाणीपुरवठा’ अशी लांबत जाणारी शब्दांची रांग सापडत नाही.

शेवटची गोष्ट बँकेची. पीककर्जाच्या नूतनीकरणाला आम्ही त्याला घेऊन गेलो. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने नाव आणि गट नंबर तोंडी विचारला. भावाने ओठ हलवले, शब्द आला नाही, तेव्हा त्याने अर्जाच्या मागे डाव्या हाताने दोन्ही बरोबर लिहून दाखवले. ‘लिहिलेले चालत नाही, कोर्टातून पालक नेमून आणा’, असे उत्तर मिळाले. शुद्धीत, हिशेबात पक्का आणि वीस एकर सांभाळणारा माणूस त्या दिवशी आपल्याच सात-बाराला परका झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे, मेंदूच्या इजेमुळे आलेला दोषही त्यात येतो, आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असते तर निदान तो कागद आम्ही टेबलावर ठेवू शकलो असतो. पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागच्या शिबिरात त्याचा हात वर करून पाहिला, पाय चालवून पाहिला, ‘बराच सुधारला’ म्हणून परत पाठवले. बोलून दाखवा, असे कोणी म्हटलेच नाही.

पुढच्या महिन्यात तालुक्याला पुन्हा शिबिर आहे. या वेळी आम्ही वर्ध्याचा अहवाल आणि ध्वनिमुद्रण सोबत नेणार आहोत. त्याआधी हे पत्र आपल्या अंकात आले, तर टेबलापलीकडे बसणाऱ्या एखाद्या डॉक्टरांच्या ते नजरेस पडेल, आणि याच दोषाने घरात गप्प बसलेली आणखी चार माणसे त्या दिवशी रांगेत येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. आर्णी, जि. यवतमाळ